स्वयंपाक कोण करतं?

बाई, तुम्ही तापानं गेलात. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आपल्या गावात ते कोणी मानायला तयार नाही. तेरवीच्या पंगतीतून उठून दोघीतिघी हात धुवायला नळावर आल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारू लागल्या, "काई खाल्लं-बिल्लं होतं का वो तिनं? डोक्याची होती ना." माझ्या हातात पुऱ्यांची परात होती. मी म्हटलं, "हाव, खाल्लं होतं. वरन-भात खाल्ला होता. तुमी आत्ता बुंदी खाल्ली, तसा." तोंडं वाकडी करून गेल्या. आल्यागेल्याशी असं बोलतात का म्हणून सासूबाईंनी मला सगळ्यांदेखत झापलं. तुम्ही असता तर पदर तोंडाला लावून आधी पोटभर हसला असता आणि मग मलाच म्हणाला असता, "वंदना, तुह्या जिभीले हाड नाही."

मला राग कशाचा आला सांगू? तुम्ही होता तोवर याच बाया म्हणायच्या, हातापायानं धड आहे, काय झालं तिले? एकीलाही तुम्ही आजारी वाटला नाहीत. आणि तुम्ही गेल्याबरोबर सगळ्या गावाला तुमचा आजार एकदम पटला. दोन वर्षं आपण दोघी जे पटवायला धावलो ते असं पटलं, आणि तेही चुकीच्या गोष्टीसाठी. अहो, तुमच्या कमरेवर तो काळा डाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. गवतातला बारीक किडा चावून ताप येतो, त्याचा डाग. पण ते ऐकायला कोणी थांबत नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा थोरली जाऊ म्हणून तुम्हीच मला हाताला धरून स्वयंपाकघर दाखवलंत, आणि त्याच दिवशी घरातला कायदाही सांगितलात. भासऱ्यांशी, म्हणजे तुमच्या नवऱ्याशी, धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड उघडून बोलायचं नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि जे सांगायचं ते मधल्या माणसाच्या हाती. मी बी.ए. झालेली, पुढे शाळेत मास्तरीण झालेली. अख्खा वर्ग एका नजरेत गप्प करणारी बाई घरी आली की पदर सावरत भिंतीच्या कडेनं चालायची. मला ते सगळं नाटक वाटायचं, पण तुमच्या तोंडाकडे बघून मी ते पाळलं, आणि पाळता पाळता अंगवळणी पडलं.

मधलं माणूस म्हणजे तुम्ही. भासरे मला स्वच्छ ऐकू येईल अशा आवाजात तुम्हाला म्हणायचे, "तिले म्हन, डबा लवकर पाठव." तुम्ही माझ्याकडे वळून म्हणायच्या, "डबा लवकर." मी म्हणायची, "सांगा त्यांना, पाठवते." तिघंही एकाच खोलीत. कितीदा मी हसू दाबत मोरीत पळाले असेन. तुम्ही मात्र हे काम मोठ्या इमानानं करायच्या. फक्त निरोप जसाच्या तसा पोचेल याची खात्री नव्हती. एकदा ते म्हणाले, "तिले म्हन, भाजीत मीठ जास्त झालं." तुम्ही वळून मला काय सांगितलंत, "भाजी मस्त झाली म्हनते." ते समोर ताटावर बसलेले होते, बाई! त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे न पाहता पाहिलं, आणि मुकाट्यानं आणखी भाजी वाढून घेतली.

तुमचा आजार कशानं सुरू झाला हे मला आजही सांगता येत नाही, आणि सगळी पंचाईत तिथंच होती. घरात कोणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं, पीक बुडालं नव्हतं. मुलगा शिकून पुण्याला कंपनीत लागला होता. लोकांना दाखवायला काहीतरी कारण लागतं, ते आपल्याकडे नव्हतं. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तुम्ही बांधावर टेकलात आणि उठलाच नाहीत. एरवी चिखलात सगळ्यांच्या पुढे असायच्या आणि मागच्यांना चिडवायच्या. त्या दिवशी बाया हाका मारमारून थकल्या. मग एका दुपारी मी शाळेतून आले तर गॅसवर स्वयंपाकाचं रिकामं गंज तापून काळं पडलेलं आणि तुम्ही त्याच्याकडे बघत उभ्या. मी गॅस बंद केला. तुम्ही म्हणालात, "काय टाकाचं होतं याच्यात, आठवूनच नाही राहिलं." तुमचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली.

त्यानंतर तुम्ही हळूहळू आटत गेलात. आंघोळ चुकायला लागली. केस विंचरायला मी मागे बसायची तर तुम्ही पाठ माझ्याकडे सोडून द्यायच्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहायचं. "काऊन रडता, बाई?" "मले काय माहीत." सासूबाई म्हणायच्या, "आंग काढून राहिली. काम दिसलं का निजते." कोणी नजर लागली म्हटलं, कोणी ताईत आणून बांधला. तो तुम्ही मुकाट्यानं गळ्यात वागवलात, नाही म्हणायची ताकद नव्हती म्हणून.

स्वयंपाक माझ्याकडे आला. येणारच होता, दुसरं कोण होतं? सकाळचं आटोपून शाळा, शाळेतून येऊन संध्याकाळचं. माझी तक्रार नव्हती. खरं सांगू, होती, पण तुमच्यावर नव्हती. आणि रोज संध्याकाळी आपण दोघी एक चोरी करायचो. वळणावर भासऱ्यांच्या मोटरसायकलचा आवाज आला की तुम्ही खाटेवरून उठायच्या. दिवसभर पाण्याच्या पेल्यासाठी न उठणारी बाई भिंत धरून धरून यायची, माझ्या हातातला भाजी ढवळायचा सराटा घ्यायची आणि चुलीशी उभी राहायची. मी बाजूला सरकून कांदा चिरायला बसायची. ते दारातून आत डोकावायचे, तुम्हाला उभ्या बघायचे आणि पाय धुवायला जायचे. ते गेले की तुम्ही सराटा परत माझ्या हातात द्यायच्या आणि खाली बसायच्या. तुमचा हात ओला झालेला असायचा, घामानं.

मी एकदा म्हटलं, "सांगून टाका ना त्यांना. खातील का तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "नवऱ्याले काय सांगू, तुह्या घरात फुकट बसून खातो म्हनून?"

तालुक्याच्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर यायचे ते मला शाळेतून कळलं. अर्जुनीला बाजाराला जातो सांगून मी तुम्हाला तिकडे नेलं. त्यांनी ऐकून घेतलं, नैराश्य असं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप लागायला लागली, रडणं थोडं कमी झालं, पण हातपाय उठेनात. त्यांच्या सोबत काम करणारी एक मुलगी होती, तिनं माझ्या कानावर घातलं की एवढ्या दिवसांचा आजार असेल तर सरकारी दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं, मनाचा आजारही त्यात बसतो, चाळीस टक्के भरले तर निराधार योजनेचं अनुदानही मागता येतं. मी येताना अख्ख्या रस्त्यानं बडबडत होते. तुम्ही म्हणालात, "बसचं अर्ध तिकीट तर आता साऱ्याच बायांले भेटते. मग अपंग कायले व्हाचं?"

मला अनुदानाचं फारसं पडलं नव्हतं, बाई. मला ते सरकारी शिक्क्याचं वाक्य पाहिजे होतं. या बाईला आजार आहे, असं. ते वाक्य मला सासूबाईंच्या समोर ठेवायचं होतं, तुमच्या दिरासमोर, म्हणजे माझ्या नवऱ्यासमोर ठेवायचं होतं, आणि सगळ्यांच्या आधी भासऱ्यांसमोर. मी तुम्हाला तसं म्हटलंही. तुम्ही विचारलंत, "कागदावर आलं तर ते मानतील का?" त्या एका प्रश्नासाठी मी सेतू केंद्रात अर्ज भरायला गेले.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासणीला गोंदियाला जायच्या दिवशी तुम्ही पहाटे उठून आंघोळ केलीत. कितीतरी दिवसांनी. लग्नकार्यातली हिरवी साडी काढलीत, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलंत, मला म्हणालात वेणी घट्ट घाल. मोठ्या साहेबापुढे जायचं तर मळक्या लुगड्यानं कसं जायचं? मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसवलं तुम्हाला. किती सुंदर दिसत होता तुम्ही. अजून डोळ्यासमोर येतं.

आत डॉक्टरांनी विचारलं, "कशा आहात?" तुम्ही पदर सावरून म्हणालात, "बरी आहो जी. तुमी?"

मी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. मग ते एकेक विचारत गेले. आंघोळ रोज करता? "हाव." लोकांशी बोलता? "बोलतो ना. घरी आलेल्याले चहा-पानी विचारा लागते." झोप? "लागते." आणि मग त्यांनी विचारलं, "घरात स्वयंपाक कोण करतं?" तुम्ही क्षणभर थांबलात. मला वाटलं, आता. तुम्ही म्हणालात, "मीच करतो."

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "नाही हो डॉक्टर, खोटं सांगतात त्या. चहासुद्धा करत नाहीत. सगळं मी करते." तुम्ही टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिलात. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं. "तुम्ही यांच्या कोण?" "जाऊ." त्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ना, ते मी जन्मात विसरणार नाही. "दोघी जावा? मग कामावरून चालायचंच," म्हणाले आणि पुढचं लिहायला लागले. थकलेला माणूस होता, बाहेर ही रांग. थोरली म्हणते मी करते, धाकटी म्हणते मी करते. कोणत्या घरात हे होत नाही? मी खरं बोलले होते आणि ते जावेचं गाऱ्हाणं म्हणून निकालात निघालं.

निकाल लागला तेव्हा खिडकीतल्या माणसानं कागद सरकवत म्हटलं, "चालीस से कम है बहनजी, नहीं होगा." तुम्ही त्याला हात जोडून नमस्कार केलात.

परतीच्या गाडीत सौंदड येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. मग भांडले. आजूबाजूचे ऐकत होते, ऐकू दिलं. "कायले खोटं बोलल्या? मी तिथं खोटी पडली!" एरवी मास्तरणीची भाषा बोलणारी मी, रागात घरच्या बोलीवर आले. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. धान हिरवंगार उभं होतं. तुम्ही म्हणालात, "चार परक्या मान्सात मी कसी सांगू वंदना, का मी चूल पेटवत नाही म्हनून? मान्सानं इच्यारलं, कसी आहे, तर बरीच आहो म्हनतेत ना? का रडत बसतेत?" मी म्हटलं, "तो काई पाहुना नव्हता विचारपूस कराले आलेला, डॉक्टर होता!" तुम्ही म्हणालात, "अन् आता साऱ्या दुनियेत लिहून घेऊन राहिली का मी कामाची नाही. तुले काय भेटन त्याच्यानं?"

ते भांडण तिथंच राहिलं, बाई. त्याचं उत्तर मी तुम्हाला नीट कधी दिलंच नाही. अर्जुनीला उतरताना तुमचा तोल गेला, मी धरलं, आणि मग कोण कशाला भांडतं.

त्या मुलीनं फेरतपासणीचा अर्ज करायला सांगितलं, आणि या वेळी नवऱ्याला आणा म्हणाली. तारीख आली. त्या आधी आपण जी तालीम केली ती आठवली की मी अजून एकटीच हसते. मी शाळेतला चष्मा लावून लाकडी पिढ्यावर बसायची, "हं, स्वयंपाक कोण करतं?" तुम्ही समोर बसायच्या आणि तोंडातून निघायचं, "मी..." मी हातातलं लाटणं जमिनीवर आपटायची. "वंदना करते," तुम्ही हळू म्हणायच्या. "मोठ्यानं!" "वंदना करते वो माय!" आणि एक दिवस तुम्हाला हसू फुटलं. खरंखुरं, पोटातून. सासूबाई दारात येऊन बघू लागल्या, या दोघींना झालं काय म्हणून. "हासून तर राहिली चांगली," त्या म्हणाल्या आणि आपलं हसू तिथंच विझलं. हसलं की आजार खोटा ठरत होता आणि रडलं की अंग काढणं ठरत होतं. तुम्ही करायचं तरी काय होतं?

भासऱ्यांना कोणी सांगायचं हाही प्रश्नच. सासूबाई आणि तुमचे दीर यात पडायला तयार नव्हते. मी त्यांच्याशी बोलायचं नाही, आणि निरोप नेणारं माणूस खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेलं. शेवटी मी अंगणात उभी राहून गाईला सांगितलं, "येत्या सोमवारी बाईंच्या तपासणीले गोंदियाले जायचं आहे, घरच्या मान्साले बोलावलं आहे." ते खाटेला सुतळी भरत होते. हात थांबले. गाईकडेच बघून म्हणाले, "सकारच्या गाडीनं का?"

या वेळी मी तुम्हाला हिरवी साडी नेसू दिली नाही. तुम्ही नाराज होता. भासरे तुमच्यासोबत आत गेले, मला बोलावलं नाही, पण दार पुरतं लागत नव्हतं आणि मी त्याला चिकटूनच उभी होते. या खेपेला बाई डॉक्टर होत्या. तेच प्रश्न आले. तुमचा आवाज ऐकू येईना. मग तो प्रश्न आला आणि मी मनात म्हटलं, बोला, बाई, बोला. तुम्ही बोलला नाहीत. डॉक्टरांनी भासऱ्यांना विचारलं, "तुम्ही सांगा, घरी स्वयंपाक कोण करतं?"

मी ठरवूनच टाकलं होतं की ते म्हणणार, हीच करते. रोज तर चुलीशी उभी बघत होते.

ते म्हणाले, "धाकटी करते जी. दोन वर्सं झाली."

डॉक्टर म्हणाल्या, "यांनी तर मागे स्वतः करते असं सांगितलं होतं." ते म्हणाले, "ही उभी राहते सराटा धरून. मी आलो का उठते. पन सराटा धरला म्हंजे हात बदलत नाही ना, बाई. पंचवीस वर्सं मी हिच्या हातचं वरन खाल्लं. पहिल्या दिवशीच समजलं का हे वरन हिचं नोय." मग म्हणाले, "मी काई बोललो नाही. दिवसभरात तेवढंच तर उठत होती. बोललो असतो तर तेवढंही उठली नसती."

दाराच्या फटीतून मला तुमची पाठ दिसत होती. ती हलायला लागली. तुम्ही त्यांच्यासमोर कधी मोठ्यानं रडला नव्हता, त्या दिवशी रडलात. मी डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड केलं. ज्या एका माणसाला पटावं म्हणून आपण एवढी उठाठेव केली, त्याला पहिल्या घासालाच पटलं होतं. आणि तो बापडा तुम्हाला उभं राहता यावं म्हणून रोज बिनबोभाट जेवत होता.

प्रमाणपत्र मिळालं. मुदतीचं होतं, काही वर्षांनी पुन्हा तपासणी. तुम्ही वाचून म्हणालात, "मुदत सरली का मी बरी होन का?" सासूबाईंसमोर मी तो कागद ठेवला. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "सरकारले काय जाते लिहाले." पण त्या दिवसानंतर त्यांनी अंग काढते हा शब्द उच्चारला नाही. एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहीन.

आणि संध्याकाळी मोटरसायकलचा आवाज आला तेव्हा तुम्ही उठला नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मी सराटा हातात धरून तुमच्या खाटेकडे बघत राहिले. ते दाराशी आले, आत पाहिलं, चुलीशी मी एकटी होते. ते बराच वेळ पाय धूत बसले. माझ्या मनात आलं, हे आपण काय करून बसलो? एक धागा होता, तोही तोडला का? मी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण तुम्ही डोळे मिटून होता आणि चेहरा इतका सैल दिसत होता की माझा धीर झाला नाही. सुटल्यासारखा दिसत होता की विझल्यासारखा, ते मला अजून कळलेलं नाही.

मी माझ्यापुरतं उत्तर शोधलं आहे. रोज उभं राहायला तुमची जी ताकद जात होती ती वाचली, आणि ती साठत गेली. नाहीतर धान निसवून लोंब्या धरू लागलं त्या सुमारास तुम्ही आपणहून विळा कुठे आहे असं विचारलं नसतं. मी शाळेतून आले तर खाट रिकामी. मी धावत मागच्या बांधाकडे गेले. तुम्ही कमरेएवढ्या गवतात बसून गाईसाठी गवत कापत होता. घामाघूम. मला बघून म्हणालात, "तुह्या गाईले तुनंच गोष्टी सांगाच्या का? मीनं बी आज सांगतल्या." भारा मीच उचलला, पण कापला होता तुम्ही. मग रोज थोडं जाऊ लागलात. मी त्या मुलीला फोन करून सांगितलं की माझी बाई बरी होऊन राहिली. त्या गवतात तो किडा होता, बाई. तुम्ही बऱ्या होऊ लागला नसतात तर तो तुम्हाला चावला नसता. हे मी कोणाला सांगू? नळावरच्या त्या बायांना?

ताप आला तेव्हा तुम्ही पुन्हा खाटेवर गेलात आणि घराला वाटलं, जुनंच आलं. मी चहाचा कप द्यायला हात धरला तर चटका बसला. गावातल्या डॉक्टरकडे नेलं. तुमच्या नेहमीच्या गोळ्या बघून तो म्हणाला, "यांना तो आजार आहे ना, त्यात अंग दुखतंच," आणि तापाची गोळी दिली. जे नाव कोणी मानत नव्हतं, त्या नावाखाली आता सगळंच लोटलं जाऊ लागलं. धाप लागली तेव्हा भासऱ्यांनीच गाडी बोलावून गोंदियाला नेलं. तिथं माझ्यासमोर नर्सनं साडी सैल करताना कमरेवरचा काळा डाग पाहिला आणि डॉक्टरांना हाक मारली. औषध सुरू झालं. उशीर झाला होता. तुम्ही शुद्धीत होता तोवर प्रत्येकाला, अगदी सलाईन लावणाऱ्यालाही, "बरी आहो" म्हणत होता. त्यानंतर म्हणाला नाहीत.

मुलगा आला, सगळं केलं, परत गेला. घर रिकामं झालं. आज दुपारी मी भाकरी करत होते. भासरे मागच्या दारात येऊन उभे राहिले. मी पदर ओढून घेतला आणि वाट बघत राहिले, ते कोणामार्फत बोलतात म्हणून. सासूबाई निजल्या होत्या, तुमचे दीर शेतावर होते. गाय चरायला गेली होती. मधे कोणीच नव्हतं. तुम्ही नव्हता.

ते म्हणाले, "वंदना."

एवढ्या वर्षांत त्यांनी माझं नाव पहिल्यांदा घेतलं. मी मान वर केली. किती म्हातारे झाले आहेत, बाई.

"मीनं तिथं डॉक्टरपाशी सांगतलं ते... त्याच्यानं हाय खाल्ली का तिनं? त्या दिवसापासून मी आलो तरी उठली नाही. तुले काई बोलली का? नसतं सांगतलं तर..."

तुम्ही मला काहीच बोलला नव्हता. त्या दिवसाबद्दल एक शब्दही नाही, शेवटपर्यंत. मी कितीदा आठवून पाहिलं आहे. आणि तुमचे निरोप त्यांना देण्याची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती.

मी म्हटलं, "बोलल्या ना. म्हणत होत्या, बरं झालं त्यांनी सांगितलं. माझं ओझं उतरलं म्हणत होत्या."

"अशी म्हने?"

"हाव," मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं. "कितीकदा म्हणाल्या."

ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मग आत आले, पाट ओढला आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा स्वतःहून ताट मागितलं. मी वरण वाढलं. ते जेवले.